माझ्या पोटातले दोन राइटर

मी एक जुना लॅपटॉप आहे, आणि मित्रांनो, जुना म्हटल्याचा मला मुळीच राग येत नाही. माझ्या झाकणाची एक बिजागरी सैल झाली आहे, त्यामुळे पडदा जरा जास्त मागे ढकलला की तो आपणहून आडवा होतो. खालचा एक रबरी पाय कधीच पडला. त्या जागी कुणाच्या तरी लग्नपत्रिकेची घडी सरकवलेली आहे. काम वाढलं की माझा पंखा असा घुंघुं करतो, की स्वयंपाकघरातून घरच्या मालकीणबाई भागूबाई विचारतात, ह्याला धाप लागली काय. तरी हैदराबादच्या नल्लकुंट्यातल्या या लहानशा घरात खिडकीजवळचं टेबल माझं आहे, आणि रोज काम संपलं की भरतकाम केलेला एक रुमाल माझ्या अंगावर पडतो. हल्लीच्या नव्या लॅपटॉपांपैकी किती जणांना असा रुमाल मिळतो, ते त्यांनीच सांगावं.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथलं मला काही आठवत नाही, कारण आठवण ठेवायचा भाग माझ्यात सगळ्यात शेवटी बसवला. मग खोक्यात बसून मी माधापूरच्या एका कंपनीत आलो. काचेची इमारत, थंडगार हवा, टेबलावर कॉफीचे कप. सुरुवातीला मला हात लावणारा प्रत्येक जण म्हणायचा, काय भराभर चालतो हा. मी ते ऐकून फुगून गेलो होतो. पण वर्षं गेली, माझ्यावर दरवेळी नवं ओझं चढत गेलं, आणि एक दिवस लोक माझ्यासमोर बसून सुस्कारे टाकायला लागले. मग माझी रवानगी मोडक्या खुर्च्यांच्या खोलीत झाली. तिथे माझ्यासारखे बरेच होते, पण गप्पा नव्हत्या. बॅटरी उतरलेल्यांनी गप्पा कशा मारायच्या?

तिथून मला बाहेर काढलं ते शिवानीने. ती त्याच कंपनीत नोकरीला आहे. ज्यांना हवे त्यांनी जुने लॅपटॉप घेऊन जावेत, असं कंपनीने जाहीर केलं, तेव्हा शिवानीने नेमकं मला उचललं. तिला तिच्या वडिलांसाठी यंत्र हवं होतं. मी तिच्या पिशवीत बसून मेट्रोने आलो, मग रिक्षाने आलो, आणि या टेबलावर स्थिरावलो.

घरात तिघंच. नागोराव हे शिवानीचे वडील. मूळचे नांदेडकडचे, तरुणपणी नोकरीसाठी हैदराबादेत आले आणि इथलेच झाले. विजेच्या खात्यात भांडार सांभाळायचे; स्विच, फ्यूज, वायरींची वेटोळी, सगळं त्यांच्या हाताखालून जायचं. आता निवृत्त आहेत. भागूबाई त्यांच्या पत्नी. त्यांनी एका दवाखान्यात आयाची नोकरी केली, त्याही आता घरीच असतात. वरच्या मजल्यावर हर्षद राहतो. तो पुण्याचा, संगणकातला माणूस, आणि कुणाचंही यंत्र बिघडलं की त्याला फार आनंद होतो.

मला बघताच हर्षद एक पेनड्राइव्ह घेऊन खाली आला. त्याने माझ्यावरचं सगळं जुनं ओझं उतरवलं आणि मला लिनक्स नावाची हलकी, फुकट ऑपरेटिंग सिस्टिम दिली. मित्रांनो, भर उन्हाळ्यात जाड कोट काढून कुणी सुती सदरा घालायला द्यावा, तसं मला वाटलं. मी पुन्हा चालायला लागलो. पूर्वीसारखा पळत नसेन, पण चालायला लागलो.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण पुढचा सगळा गोंधळ तिच्यामुळेच झाला. लिनक्सवर एखादं सॉफ्टवेअर यायला एकापेक्षा जास्त वाटा असतात. पहिली वाट लिनक्सच्या स्वतःच्या कोठीतून येते. कोठीतला माल निवडून, तपासून ठेवलेला असतो. तो थोडा जुना असतो, पण घरात सगळ्यांशी जमवून घेतो. दुसरी वाट फ्लॅटपॅकची. फ्लॅटपॅकने येणारा पाहुणा आपलं अंथरूण-पांघरूण आणि तांब्या-भांडं बरोबर घेऊन येतो आणि वेगळ्या खोलीत राहतो. आणखीही वाटा आहेत, पण त्या या घरापर्यंत आल्या नाहीत.

माझ्या कोठीत राइटर नावाचं लिहायचं सॉफ्टवेअर आधीपासून होतं. पण हर्षदला जुनी आवृत्ती बघवत नाही. त्याने फ्लॅटपॅकने नवा राइटर आणला, नागोरावांच्या हाताला सापडेल असा पडद्याच्या तळाशी ठेवला, आणि कोठीतला जुना काढायचं विसरून वर जेवायला गेला. झालं. माझ्या पोटात दोन राइटर नांदायला लागले. नाव एक, चित्र एक, चेहरा एक. फक्त आठवण वेगळी. एकाला शिकवलेलं दुसऱ्याच्या कानावरही जात नसे.

नागोरावांना राइटर हवा होता तो भागूबाईंसाठी. मलकपेठच्या विहारात वंदना झाली की बायका भागूबाईंभोवती बसतात आणि त्यांच्याकडून दवाखान्यातल्या गोष्टी ऐकतात. भागूबाई सांगतातही तशाच. ऐकणारी हसता हसता डोळे पुसायला लागते. तिथल्या महिला मंडळाने ठरवलं, की या आठवणींची एक पुस्तिका छापायची आणि अशोक विजयादशमीच्या कार्यक्रमात घरोघरी द्यायची. भागूबाई तयार झाल्या, पण त्यांनी नवऱ्याला एक अट घातली.

“मी बोलते तसंच लिहा. उलीसं पण बदलू नका.”

मग रोज दुपारी भागूबाई खाली चटईवर बसून सांगायच्या आणि नागोराव दोन बोटांनी टिपून घ्यायचे. भागूबाईंची मराठी नांदेडची. तिच्यात दवाखान्यातली दखनी उर्दू मिसळली, शेजारणींची तेलुगू मिसळली. होकाराला त्या ‘हौ’ म्हणतात, नकाराला ‘नक्को’. पाण्याच्या घागरीला ‘बिंदे’. कळा देणाऱ्या बाईच्या पाठीवरून हात फिरवत त्या म्हणायच्या ‘हल्लू, हल्लू’, म्हणजे सावकाश. माझ्याजवळचा शब्दकोश मोठ्या विद्वान माणसांनी केलेला, पण त्यांच्यापैकी कुणी या दवाखान्यात गेलेलं नसावं. भागूबाईंच्या जवळजवळ प्रत्येक वाक्याखाली मी लाल नागमोडी रेघ मारत गेलो. माझं कामच आहे ते.

भागूबाई उठून पडद्याशी आल्या. हे लाल काय आहे, त्यांनी विचारलं. नागोराव म्हणाले, मशीन म्हणतं शब्द चुकला. भागूबाई पुन्हा चटईवर बसल्या. मग त्यांनी सांगितलं, की गावच्या शाळेत त्यांनी ‘आई म्हन्ली’ असं लिहिलं होतं, तर मास्तरांनी त्याच्याभोवती लाल शाईने मोठा गोल काढून वही सगळ्या वर्गाला दाखवली. पोरं हसली. त्यानंतर पेन हातात धरलं ते पगाराच्या सहीपुरतं. हे सांगताना त्यांचा आवाज अगदी साधा होता, पण माझा पंखा उगाचच सुरू झाला.

“त्याला सांगा,” त्या माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, “मी अशीच बोलते.”

नागोरावांनी इकडे तिकडे दाबून पाहिलं. शेवटी ‘शब्दकोशात घाला’ असं लिहिलेलं त्यांना सापडलं. त्यांनी ते दाबलं आणि ‘म्हन्ली’खालची रेघ गेली. भागूबाई एखाद्या मुलीसारख्या हसल्या. त्या दिवसापासून आमचा खेळच सुरू झाला. त्या बोलायच्या, मी रेघ मारायचो, नागोराव मला शिकवायचे. हौ, नक्को, हल्लू, बिंदे, आबदा म्हणजे हाल, सांजच्याला म्हणजे संध्याकाळी, पोट्टी म्हणजे मुलगी. या वयात मला नवं काही येईल असं मला वाटलं नव्हतं. हळूहळू पानं स्वच्छ दिसायला लागली आणि मी मनातल्या मनात भाव खायला लागलो. पण खरं सांगायचं तर हे सगळं शिकत होता तो फ्लॅटपॅकचा राइटर, आपल्या खोलीत बसून. कोठीतला दुसरा राइटर गाढ झोपलेला होता.

भागूबाईंच्या मनात आणखी एक इच्छा होती. कार्यक्रमात पुस्तिकेतलं एक पान शिवानीने वाचून दाखवावं. पण शिवानी इंग्रजी शाळेत शिकलेली. घरात फडाफडा मराठी बोलते, मात्र छापलेली मराठी दिसली की एकेक अक्षर जोडत बसते. तिने आईला सांगून टाकलं, मला वाचायला टाइम लागतो मम्मी, लोक हसतील. भागूबाईंनी पुन्हा विचारलं नाही. रुमाल माझ्यावर टाकताना त्या एकदा एवढंच पुटपुटल्या, की पोट्टीला तरी हसू नये कुणी.

पुस्तिका लिहून झाली. चिक्कडपल्लीच्या छापखान्यात फाइल द्यायचा दिवस ठरला. आणि त्याच आठवड्यात एका सकाळी शिवानी ऑफिसला निघता निघता काही तरी लिहायला माझ्यासमोर बसली. तिने यादी उघडली आणि तिला दोन राइटर दिसले.

“पप्पा, ह्याच्यात राइटर डुप्लिकेट आहे,” ती सँडल घालत म्हणाली. “एक काढून टाका ना, जागा वेस्ट होतीय.”

खाली गाडीचा हॉर्न वाजला आणि ती गेली.

मित्रांनो, शिवानीच्या ऑफिसात डुप्लिकेट म्हणजे त्याच वस्तूची दुसरी प्रत. तिचा वडिलांना चुकीचं काही सांगायचा विचारच नव्हता. पण नागोरावांचा सगळा जन्म भांडारात गेला. तिथे, आणि तिथेच कशाला, हैदराबादच्या कुठल्याही बाजारात डुप्लिकेट म्हणजे नकली. डुप्लिकेट स्विच म्हणजे ठिणगी, डुप्लिकेट वायर म्हणजे आग. असा माल आला की नागोराव तो हातात फिरवून बघायचे आणि गेटबाहेर पाठवायचे. त्यात त्यांचा हातखंडा होता. आता त्यांच्या स्वतःच्या टेबलावर डुप्लिकेट माल निघाला म्हटल्यावर ते चष्मा पुसून बसले.

त्यांनी दोन्ही राइटरांची माहिती उघडली. एकाखाली लिहिलं होतं, की हे सिस्टिमचं स्वतःचं पॅकेज आहे. दुसऱ्याखाली लिहिलं होतं फ्लॅटपॅक. हे नाव त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. घरच्या शिक्क्याचा माल ओरिजिनल आणि अनोळखी दुकानाचा डुप्लिकेट, हा त्यांचा आयुष्यभराचा हिशेब होता, आणि स्विचच्या बाबतीत तो कधी चुकलाही नव्हता. त्यांनी फ्लॅटपॅकच्या राइटरवर बोट ठेवलं. मी विचारलं, खरंच काढायचं का? ते म्हणाले, हौ. मला विचारता येतं, सांगता येत नाही. मी काढलं.

पण आमच्यात एक रीत आहे. पाहुण्याला जा म्हटलं, तरी त्याची पेटी लगेच रस्त्यावर टाकायची नाही. फ्लॅटपॅकचा राइटर गेला, त्याची पेटी मात्र एका लपलेल्या कप्प्यात तशीच राहिली. भागूबाईंचे सगळे शब्द त्या पेटीत होते. हे फक्त मला ठाऊक होतं.

नागोरावांनी समाधानाने पुस्तिका उघडली. आता उठला तो कोठीतला राइटर. त्या बिचाऱ्याने भागूबाईंचं नावही ऐकलेलं नव्हतं. त्याने पहिलं पान पाहिलं आणि त्यावर कांजिण्या आल्यासारखं लालच लाल झालं. दुसरं पान तसंच. तिसरं तसंच. नागोराव पानं पुढे सरकवत गेले आणि त्यांचा चेहरा उतरत गेला.

तुम्हाला वाटेल, की आपण चुकीचा राइटर काढला हे त्यांच्या आता लक्षात आलं असेल. नाही आलं. त्यांना उलटंच वाटलं. नकली मीटर जसं खोटे आकडे दाखवतं, तसं त्या डुप्लिकेट राइटरने इतके दिवस चुकीच्या शब्दांना बरोबर म्हटलं आणि आपल्याला फसवलं. आता ओरिजिनल आला आणि त्याने खरं काय ते दाखवलं. अशी पुस्तिका विहारात वाटली असती तर लोक भागूला हसले असते, या विचाराने त्यांना घाम फुटला. मग ते दुरुस्त्या करायला बसले. ‘नक्को’चं ‘नको’ केलं. ‘हौ’चं ‘हो’ केलं. ‘हल्लू’चं ‘हळू’. ‘म्हन्ली’चं ‘म्हणाली’. मी सुचवत होतो आणि ते स्वीकारत होते. त्यांच्या प्रत्येक दाबण्यात बायकोवरची माया होती, म्हणून मला जास्तच वाईट वाटत होतं.

रोज संध्याकाळी नागोराव लिहिलेलं भागूबाईंना वाचून दाखवायचे, तसं त्या दिवशीही झालं. भागूबाई मेथी निवडत बसल्या होत्या. नागोराव वाचायला लागले. दवाखान्यातला पहिला दिवस, कळा देणारी बाई, पाठीवरून फिरणारा हात. भागूबाईंचा मेथीवरचा हात थांबला.

“ही बाई कोण आहे?” त्यांनी विचारलं.

नागोराव म्हणाले, अगं, तूच की. मग त्यांनी सगळी हकीकत सांगितली: डुप्लिकेट कसा निघाला, ओरिजिनलने चुका कशा दाखवल्या, आणि आता सगळं कसं शुद्ध होतंय. भागूबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

“मग पुस्तकावर नाव पण तिचंच घाला,” त्या म्हणाल्या. “माझं नक्को.”

आणि त्या मेथीची परात घेऊन आत गेल्या. नागोरावांनी मला बंद केलं. त्या दिवशी माझ्या अंगावर रुमाल पडला नाही.

दुसऱ्या दिवशी शिवानीला सुट्टी होती. आई बोलत नाही, वडील चहाला हात लावत नाहीत, हे बघून तिने दोघांना खोदून खोदून विचारलं. आपल्याच एका शब्दाने हे झालं हे कळल्यावर तिने कपाळाला हात लावला आणि वरून हर्षदला बोलावलं. हर्षद खूश होऊन आला. पण भागूबाईंचा चेहरा बघून त्याने आपला आनंद आवरता घेतला.

त्याने नागोरावांना समजावून सांगितलं. यात नकली कुणीच नव्हतं. दोन्ही राइटर एकाच घरचे, फक्त दोन वाटांनी आलेले. शिवानीला म्हणायचं होतं, की एकच वस्तू दोनदा आहे.

“म्हणजे दोन्ही ओरिजिनल?” नागोरावांनी विचारलं.

“दोन्ही, काका.”

“मग ठेवायचा कोणता?”

“ज्याला काकूंचं बोलणं येतं तो.”

नागोराव खाली बघत म्हणाले, तोच तर मी काढला. यावर हर्षदने त्यांना धीर दिला, की नवा पुन्हा आणू, त्यात काय एवढं. मात्र हर्षदला स्वच्छतेची भारी हौस. त्याने लपलेला कप्पा शोधला, आत ती पेटी बघितली, आणि म्हणाला की हा काढलेल्या राइटरचा उरलेला कचरा आहे, आधी हे साफ करतो, म्हणजे नवा राइटर कोरा बसेल. मी विचारलं, कायमचं काढून टाकायचं का? त्याचं बोट बटणावर गेलं. मित्रांनो, माझा पंखा इतक्या जोरात कधी फिरला नव्हता. पण पंख्याची भाषा कुणाला येते?

“थांब ना,” शिवानी म्हणाली. “आत काय आहे ते बघू तरी. काल न बघता काढलं, म्हणून तर हे झालं.”

हर्षदने खांदे उडवले आणि पेटी उघडली. आत बऱ्याच गोष्टी होत्या, त्यात एक छोटीशी फाइल. शिवानीने ती उघडली. एका खाली एक मराठी शब्द, दुसरं काहीच नाही. सवयीप्रमाणे ती एकेक अक्षर जोडत वाचायला लागली. उ, ली, सं. मग थांबली आणि एकदम म्हणाली, उलीसं. पुढचा शब्द तिने जरा भराभर वाचला. आबदा. सांजच्याला. त्यानंतर तिने अक्षरं जोडणं सोडूनच दिलं. हौ, नक्को, हल्लू, बिंदे, ती वाचत गेली, मोठ्याने, बोलल्यासारखी. हे शब्द तिने लहानपणापासून रोज ऐकले होते. ते लिहिलेले मात्र ती आयुष्यात पहिल्यांदा बघत होती. शेवटी ती म्हणाली, पोट्टी.

“पोट्टी कुणाला म्हणतीस गं?” स्वयंपाकघरातून आवाज आला.

कालपासून भागूबाईंनी घरात बोललेलं हे पहिलं लांब वाक्य होतं. त्या हात पुसत बाहेर आल्या. शिवानीने त्यांना पडद्यावरची ती शब्दांची रांग दाखवली आणि सांगितलं, मम्मी, हे सगळं तू आहेस. हर्षदने बटणावरून बोट काढून घेतलं. मग त्याने हळूच विचारलं, उलीसं म्हणजे काय हो काकू? भागूबाई आत गेल्या आणि चमच्याच्या टोकावर शेंगदाण्याची चटणी घेऊन आल्या. एवढं म्हणजे उलीसं, त्या म्हणाल्या. हर्षदने चटणी खाल्ली आणि आणखी उलीसं मागितली.

फ्लॅटपॅकचा राइटर परत आला. त्याने आपल्या खोलीत जाऊन पेटी उघडली आणि त्याला सगळं आठवलं. पुस्तिका उघडल्यावर शेवटची पानं पुन्हा स्वच्छ दिसली. पण सुरुवातीची काही पानं नागोरावांनी दुरुस्त करून ठेवली होती, आणि तिथे माझी मदत संपली. मला ‘नको’ही बरोबर वाटतं आणि आता ‘नक्को’ही बरोबर. कुठे काय होतं, ते एकाच माणसाला माहीत होतं. म्हणून शिवानी वाचायला बसली आणि भागूबाई तिच्या शेजारी खुर्ची घेऊन बसल्या. शिवानी वाचे, भागूबाई मध्येच म्हणत, असं नाही म्हन्ली मी. मग शिवानी तो शब्द बदले. नागोराव पलीकडे बसून सगळं बघत होते. शेवटी ते म्हणाले, की मला वाटलं लोक तुला हसतील.

“हसू द्या,” भागूबाई म्हणाल्या. “पण लोकांनी मलाच हसावं. त्या दुसऱ्या बाईला हसले तर मला काय मिळणार?”

यावर सगळ्यात आधी हसले ते नागोरावच.

त्याच दिवशी माझी पूर्ण झाडाझडती झाली. निघाले किती, तर इंटरनेट बघायचे ब्राउझर दोन आणि गाणी वाजवायचे प्लेअरही दोन. पण आता घरात नियम ठरला होता. आधी दोन्ही उघडायचे, कोणाजवळ काय आहे ते बघायचं, हवं ते एकाकडून दुसऱ्याकडे न्यायचं, मग एकाला निरोप द्यायचा. एका ब्राउझरमध्ये भागूबाईंनी जपलेली वंदनेची रेकॉर्डिंग सापडली, ती आधी दुसऱ्यात नेली. कोठीतल्या राइटरलाही त्यांनी असंच उघडून बघितलं. त्याच्याजवळ काहीच नव्हतं. तो मुकाट्याने गेला. मला त्याचं थोडं वाईट वाटलं. तो काही खोटा नव्हता. त्याला या घरातलं कुणी काही शिकवलंच नव्हतं.

फाइल चिक्कडपल्लीला गेली. दुपारी छापखान्यातून फोन आला. छापणारा तेलुगू माणूस, त्याला मराठी येत नाही, पण डोळे आहेत.

“सार, पूरा पेज लाल-लाल दिखरा. गलत है क्या?”

मी कान टवकारले. त्याच्या यंत्राला भागूबाईंचे शब्द कुठून येणार? दोन दिवसांपूर्वी हा प्रश्न ऐकून नागोरावांना घाम फुटला असता. आता त्यांनी खुर्चीत पाय पसरले.

“गलत नहीं है,” ते म्हणाले. “तुम्हारे मशीन को अभी आता नहीं. वैसाइच छापो.”

कार्यक्रमाला मी गेलो नाही. माझी बॅटरी तेवढी टिकत नाही. पण शिवानीने सराव माझ्यासमोरच केला. पहिल्या दिवशी ती चारदोन ठिकाणी अडली, मग अडायची थांबली. कार्यक्रमाहून तिघं परतले ते मोठमोठ्याने बोलतच. शिवानीने दवाखान्यातल्या पहिल्या दिवसाचं पान वाचलं होतं, एका दमात. ‘हल्लू, हल्लू’ आलं तेव्हा मागच्या रांगेतून एक म्हातारी बाई उठून उभी राहिली होती. म्हणाली, माझ्या बाळंतपणाला हीच होती, असंच म्हन्ली होती. लोक हसले का, हे विचारायचं कुणाला सुचलंच नाही.

तर मित्रांनो, तुमच्याही यंत्रात एकच वस्तू दोनदा दिसेल. हल्ली सगळीकडेच दिसते. गोंधळ नको म्हणून एकच ठेवा, जरूर ठेवा. पण काढण्याआधी दोन्ही उघडून बघा. कोणता नवा आणि कोणता जुना, एवढं पाहून थांबू नका. तुमचं कोणाजवळ आहे ते बघा. आणि आम्ही ‘खरंच काढायचं का’ असं विचारतो, तेव्हा उगाच सवयीने ‘हो’ म्हणू नका. तेवढं एकच वाक्य आम्हाला बोलता येतं.

परवापासून दुसऱ्या पुस्तिकेचं लिखाण सुरू झालं आहे. या वेळी टिपून घ्यायला शिवानी बसते. पहिली गोष्ट भागूबाईंनी हीच सांगितली, दोन राइटरांची. सांगता सांगता त्या म्हणाल्या डुप्लिकेट, शिवानीने लिहिलं डुप्लिकेट, आणि मी सवयीने खाली लाल रेघ ओढली. शिवानीने आईकडे बघितलं. भागूबाईंनी चष्मा सारखा करून तो शब्द नीट पाहिला.

“घाल त्याला पण,” त्या म्हणाल्या. “आपल्याच घरचा आहे.”